दोन साखळ्यांची अकरा वर्षं

एका माणसाची अकरा वर्षं मी एका ओळीत पुसली. अक्षर मात्र सुरेख होतं.

मी वडगावचा, विणकराच्या घरातला. घरात चार माग खटखटत होते, पण मला कारकुनीचं खूळ लागलं. सातवी पास झालो आणि बेळगावात मोजणीच्या कचेरीत चिकटलो. तिथे मी सगळ्यांत धाकटा. हेडक्लार्क गुंडोपंत सांगतील ते सुवाच्य अक्षरात लिहायचं, एवढंच माझं काम. विचार करायचं काम माझ्याकडे नव्हतं आणि मीही ते कधी मागून घेतलं नव्हतं.

सन एकोणीसशे सव्वीसच्या आषाढातली गोष्ट. बुधवारी कचेरी उघडते न उघडते तोच एक उंच, काळासावळा माणूस दारात येऊन उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, डोक्यावर घोंगडं आणि काखेत मेणकापडात गुंडाळलेले कागद. अंगावरचं सगळं भिजलं होतं, कागद तेवढे कोरडे होते. बाहेर ओट्यावर त्याची बायको राजाबाई दोन पोरं आणि तीन गाठोडी घेऊन बसली होती.

"मी भरमा परशराम," तो म्हणाला. "कणकुंबीच्या चौकीवर फॉरेस्ट गार्ड होतो. हितं मोजणीदार म्हणून हजर व्हायला आलोय."

कणकुंबीच्या रानात त्यानं अकरा वर्षं काढली होती. बारा रुपयांवर लागला, दर वर्षी आठ आणे चढत चढत साडेसतरावर आला. गार्डाची चढण अठराला संपते, मोजणीदाराची तीसपर्यंत जाते. शिवाय पोरं शाळेच्या वयाची झालेली, आणि कणकुंबीच्या रानात शाळा कुठली. म्हणून यानं चौकीत बसून अभ्यास केला, रेंजरची परवानगी घेऊन मोजणीची परीक्षा दिली आणि पास झाला.

नियम असा, की एका सरकारी नोकरीतून दुसरीत येताना मध्ये खंड पडला नाही, तर मागची वर्षं पुढे धरतात. म्हणजे साडेसतराच्या भरमाला इथे वरच्या पायरीवर, अठरावर बसवायचं. खंड पडला तर माणूस कोरा. त्यानं सुरुवातीच्या चौदावर बसायचं, आणि मागची वर्षं पेन्शनीलाही धरायची नाहीत.

खंड पडला की नाही, हे ठरवणार गुंडोपंत. पंतांचं सगळं आयुष्य लाल कापडात बांधलेल्या नियमांच्या पुस्तकात गेलं होतं. ते लाच घेत नसत, शिफारस ऐकत नसत, आणि दयाही करत नसत. त्यांनी पुस्तकाची गाठ सोडली, भरमाचे कागद पाहिले आणि बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली.

"शुक्रवारी दुपारी तुम्हाला चौकीवरून मोकळं केलं. बांधाबांधीला सहा दिवस, रविवार सोडून. मग पायवाटेचा पंधरा मैलांमागे एक दिवस. कणकुंबी तीस मैल, म्हणजे दोन दिवस. एकूण आठ, त्यातही रविवार धरायचा नाही. काल मंगळवारी सकाळी तुम्ही या दारात हवे होता. आज बुधवार."

भरमा जरासुद्धा घाबरला नाही. त्याला वाटलं, पंतांना बिचाऱ्यांना ठाऊक नसेल.

"तसं न्हाय, पंत. मधी आमच्या आंबेघोळात शीव बांधलीती. शनवार, आयतवार, सोमवार. ते दीस मोजायचे न्हाईत."

आंबेघोळ हे त्याचं गाव, कणकुंबीहून बेळगावला येताना अर्ध्या वाटेवरचं. बिऱ्हाड हलवताना तो म्हाताऱ्या आईला भेटायला तिथे थांबला होता. आषाढात गावडा, म्हणजे तिथला पहिला मानकरी, देवीचा कौल घेतो आणि तीन दिवस गावाची शीव बांधतो. वेशीवर नारळ फुटला की आतला बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. नांगर बंद, जातं बंद. आणि ते दिवस कशातच धरायचे नाहीत. गड्याच्या मजुरीत नाहीत, उसन्या भाताच्या वायद्यात नाहीत, बाळंतिणीच्या बाराव्यातसुद्धा नाहीत. मंगळवारी उजाडता गावड्यानं शीव सोडली आणि त्याच पावली भरमा बायकापोरांसह निघून तिन्हीसांजेला बेळगावात पोचला. अकरा वर्षं सरकारचं मीठ खाऊनही त्याला स्वप्नात वाटलं नव्हतं, की जगात असंही कुणी असेल जे बांधलेले दिवस मोजतं.

"सरकार तुमच्या गावड्याला ओळखत नाही," पंत म्हणाले. "जोतिबा, लिही."

मी भरमाच्या सर्व्हिस बुकात लिहिलं : 'एक दिवस विलंब. मागील सेवा खंडित. वेतन रुपये चौदा.' टीपकागदानं ओळ टिपली.

भरमानं ती वाचली. मग सावकाश बोलला, आवाज न चढवता.

"अकरा वर्सं म्हंजे निस्ता आकडा न्हवं, पंत. त्यात एक वणव्याचं वरीस हाय. तवा जळालेली ही भुवई अजून उगवली न्हाय. दोन वर्सं हिवतापाची हाईत. एका वर्सी आमचं मधलं लेकरू चौकीतच गेलं. वैद्य आणाया मी हितंवर पळत आलतो. ती सगळी वर्सं तुमी एका दिवसापायी बुडवूलायसा."

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाईट वाटतं. पण नियमात त्याला रकाना नाही."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण दुपारी झोप मात्र आली नाही, आणि कचेरीत ती मला रोज येत असे.

भरमा चौदावर कामाला लागला. माणूस कामाला वाघ. साखळी टाकायच्या आधीच नुसत्या पावलांवरून बांधाची लांबी सांगायचा आणि ती हातभरही चुकायची नाही. खडेबाजाराच्या मागच्या बोळात त्यानं एक खोली घेतली होती. राजाबाई चार घरची धुणी करायला लागली होती. हे मला माहीत होतं, कारण रोज सकाळी ती मला वाटेत दिसायची, आणि मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

दसऱ्याच्या सुमारास एक दिवस भरमा पंतांच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"पंत, एक इचारू? पंधरा मैलांवर थोडं उरलं तर त्येचं काय?"

"एक हात उरला तरी पुरा दिवस धरावा. नियम स्पष्ट आहे."

"मग कणकुंबी तीस मैल न्हाय. जास्त हाय. तीन सालामागं वढ्यावरची मोरी वाहून गेली आणि रस्ता डोंगराला वळसा घालून नेला. त्या वळणातली झाडं मीच खुणा करून दिलीती. माझ्या पावलानं वाट तीन फर्लांगानं वाढलीय."

तीस मैलांवर वावभर जरी वाट निघाली, तरी वाटेचे दिवस दोनाचे तीन होणार होते. तीन झाले की बुधवार वेळेत. बुधवार वेळेत, तर अकरा वर्षं जिवंत.

पंतांनी भिंतीवरच्या छापील तक्त्याकडे बोट केलं. "तक्त्यात तीस आहे."

"तक्ता जुना हाय."

"तक्ता सरकारी आहे."

असं पाच-सात वेळा झालं. आतल्या खोलीत आमचे हिरेमठसाहेब बसले होते. धारवाडकडचे, बोलायला कमी. ते पडदा सारून बाहेर आले.

"पंत, ही कचेरी कसली?"

"मोजणीची, साहेब."

"मग भांडता कशाला री? मोजा की."

इतकं सोपं होतं ते, आणि तीन महिने आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पावसानंतर त्या रस्त्याचे मैलाचे दगड तपासायचेच होते, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न मिटला. पंतांनी अटी घातल्या. साखळी सिद्राम आणि मष्णू हे दोन शिपाई ओढतील. जोतिबा टिपण ठेवील. भरमा वाट दाखवायला जाईल, पण साखळीला हात लावणार नाही. तक्ता शून्याच्या दगडापासूनचा, म्हणून मोजणीही तिथूनच.

शून्याचा दगड, म्हणजे रस्त्याचे मैल जिथून सुरू होतात तो, खडेबाजाराच्या पलीकडच्या तोंडाला होता. कचेरीपासून तिथवर मोजायचं वाचलं, म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. पायांचा मी पहिल्यापासून कंजूष.

कार्तिकातल्या एका शनिवारी सकाळी निघालो. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. अशा वीस साखळ्यांचा फर्लांग, एकशे साठ साखळ्यांचा मैल. सिद्राम पुढे, मष्णू मागे. साखळी ताणायची, पुढच्यानं सळई रोवायची, मागच्यानं उपटायची, मी कागदावर रेघ ओढायची. तीस मैलांच्या अठ्ठेचाळीसशे रेघा. कागदावर माझा भरवसा कमी, म्हणून घरून सुताची एक लांब दोरी आणली होती. दर फर्लांगाला एक गाठ. आमच्याकडे ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, मोजतात तो असाच.

भरमा दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होता. मोजणीदार माणूस, समोर साखळी वाकडी पडते आहे, आणि त्याला हात लावायची बंदी. एकदा मष्णूच्या हातून कडी दगडात अडकली तेव्हा हा वाकलाच. मग पटकन सरळ झाला आणि त्यानं पुन्हा पाठीमागे हात बांधले. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिल्या दिवशी माझ्या पायांना फोड आले. दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी मी विचार करायला लागलो, आणि त्याचं कारण वेगळंच होतं. मैलाचे दगड आमच्या साखळीच्या आधीच येत होते. दगडावर बारा आकडा, आणि माझ्या दोरीवर बारा मैलांना दोन गाठी कमी. दगड रोवणाऱ्यानं जागोजाग थोडा हात आखडता घेतला होता. म्हणजे तक्त्यातले तीस मैल मुळातच तीस नव्हते. मी हे भरमाला सांगितलं नाही. पण त्यालाही पावलांनी कळत होतं. त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं.

तिसऱ्या रात्री मुक्काम आंबेघोळात, भरमाच्या घरी. त्याची आई बायाक्का हाडांची काडी झालेली, पण नजर सुईसारखी. तिनं माझ्या पायांना कोकम तेल लावायला दिलं, पुढ्यात नाचणीची भाकरी आणि वाटलेल्या मिरचीचा गोळा ठेवला.

"तुमीच लिवलं व्हय ते, शेवा तुटली म्हणून?" तिनं विचारलं.

"पंतांनी सांगितलं, मी लिहिलं."

"व्हय की. हात तुमचा, त्वांड त्यांचं." ती रागावलेली नव्हती, आणि म्हणून मला जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाली, "म्या इचारतो, तुमच्या सरकारात न मोजायचा एकबी दीस न्हाय?"

"आहे की. रविवार."

"त्यो कुणी बांधला?"

भरमा चुलीपाशी बसून हसला. निघाल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

"आये, त्येंच्या गावड्यानं," तो म्हणाला.

पुढे वळण आलं. मोरी वाहून गेलेली जागा झुडपांनी भरली होती आणि नवा रस्ता डोंगराला लांब वळसा घालून जात होता. साखळीनं भरमाचं बोलणं खरं केलं. वळण बरोबर तीन फर्लांगांनी वाढलेलं. पण दगडांनी तोवर तीन फर्लांग गिळले होते. जे एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं.

गुरुवारी दुपारी कणकुंबीच्या चौकीच्या उंबऱ्याला सळई टेकली. मी बेरीज केली. मग दोरीच्या गाठी मोजल्या. मग बेरीज पुन्हा केली.

चार हजार सातशे अठ्ठ्याण्णव साखळ्या.

दोन कमी. तीस मैलांत सहासष्ट फूट कमी. चौकीपुढच्या फणसापासून विहिरीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं.

सिद्राम खाली बसला. मष्णूनं साखळी गोळा करायचं नाटक केलं. भरमा चौकीच्या दाराकडे पाहत उभा राहिला. आत आता दुसरा गार्ड राहत होता. दाराच्या चौकटीवर कोयत्यानं कोरलेल्या अकरा रेघा होत्या. दर वर्षाची एक, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

"ऱ्हाऊ द्या, जोतीअण्णा," तो म्हणाला. "साखळी खोटं बोलत न्हाय. तुमी तरी काय करणार."

तो मला पहिल्यांदाच अण्णा म्हणाला. मी माझे फाटके पाय घेऊन पायरीवर बसलो होतो आणि मला रडू यायला लागलं. फोडांचं नव्हे. त्या ओळीचं.

आणि दोरी हातात असल्यामुळे असेल, मला आमची आई अंबुबाई आठवली. आमच्याकडे ताणा कमी भरला की नवशिका विणकर शेवटाला ओढाताण करतो. आई त्याच्या हातावर चापट मारायची. म्हणायची, "शेवटाला काय बघतोस, सुरवातीची गाठ कुठं मारलीस ते बघ."

मी सुरुवातीची गाठ पाहिली. ती शून्याच्या दगडापाशी मारलेली होती.

"भरमा," मी विचारलं, "तुला हजर कुठं व्हायचं होतं? दगडापाशी, की कचेरीत?"

त्याच्या त्या अर्ध्या भुवईचा डोळा हळूहळू मोठा झाला.

परतीचे तीस मैल मी कसे चाललो ते देवाला ठाऊक. गुरुवारी दुपारी निघालो आणि शुक्रवारी दिवेलागणीला बेळगावात पोचलो. फोडांचं काय झालं ते मला आजही आठवत नाही.

शनिवारी सकाळी मी पंतांच्या टेबलापुढे उभा राहिलो. टिपण ठेवलं. त्यांनी आकडा पाहिला.

"दोन साखळ्या कमी," पंत म्हणाले. "विषय संपला."

"पंत, नियम एकदा वाचाल? अंतर कुठपासून कुठपर्यंत धरायचं?"

माझ्या नोकरीच्या तीन वर्षांत मी पंतांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्यांनी माझ्याकडे टेबलाला तोंड फुटावं तसं पाहिलं. मग लाल कापडाची गाठ सोडली, पान काढलं, वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं.

"जुन्या कामाच्या जागेपासून नव्या कामाच्या जागेपर्यंत."

"शून्याच्या दगडावर कुणी काम करत नाही, पंत."

पंत त्या ओळीवर बोट ठेवून बसले. त्यांची चूक त्यांच्याच पुस्तकानं काढली होती. दुसरा कुणी असता तर पुस्तक मिटलं असतं. पंतांनी खुंटीवरची पगडी घेऊन डोक्यावर ठेवली.

"साखळी घ्या," ते म्हणाले. "मी स्वतः येतो."

शनिवार म्हणजे बेळगावचा बाजार. खडेबाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आम्ही शून्याच्या दगडापाशी गेलो आणि तिथून कचेरीकडे साखळी टाकायला लागलो. पुढे सिद्राम, मागे मष्णू, बाजूला छत्री घेतलेले पंत, दोरी धरलेला मी, आणि मागे हात बांधून भरमा. लोक बघायला लागले.

"काय मोजूलायसा हो?" एका बांगडीवाल्यानं विचारलं.

"नोकरी," सिद्राम म्हणाला.

"कुणाची?"

"ह्याची. अकरा वर्सं हाईत. मावत्यात का बघूलालोय."

बाजारात बातमी पोचायला वारा लागत नाही. दुसरी साखळी पडेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. कुणी पाट्या मागे ओढल्या, कुणी बैल वळवले. तिसरी साखळी पडली ती सुक्या मिरचीच्या ढिगाशी. तिथे गुणाबाई म्हणून एक दांडगी बाई बसायची. तिनं कुणासाठी कधी वीतभर जागा सोडली नव्हती. तिनं ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला.

"हान रं सळई," ती म्हणाली.

सिद्रामनं सळई रोवली. मी दोरीला गाठ मारली.

"अठ्ठेचाळीसशे एक," मी म्हणालो.

पंतांनी छत्री मिटली. "तीस मैल पुरे होऊन वर उरलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, कोरडा. पण त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं, बाजाराला ऐकू जाईल असं.

"थांबायचं, पंत?" सिद्रामनं विचारलं.

"दारापर्यंत. अर्धवट मोजणी माझ्या दफ्तरात चालत नाही."

मग सगळा बाजारच मोजायला लागला. चार, पाच, सहा. भाजीवाल्या, हमाल, शहापूरचे लुगडेवाले, शाळेला दांडी मारलेली पोरं. कुणी मराठीत मोजत होतं, कुणी कानडीत, पण साखळी एकच होती आणि आकडा एकदमच पडत होता. विसाव्या साखळीला कुठून तरी हलगी आली. धुण्याची बादली डोक्यावर घेतलेली राजाबाई बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. तिला आधी काही कळेना. मग कुणीतरी सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. आज मी दुसऱ्या बाजूनं गेलो नाही. तिच्यापुढूनच गेलो.

एकसष्टावी साखळी कचेरीच्या उंबऱ्याला भिडली. हिरेमठसाहेब दारात उभे होते.

"किती?"

"तीस मैल, दोन फर्लांग, एकोणीस साखळ्या," मी सांगितलं. "वाटेचे दिवस तीन. बुधवार वेळेत."

आत जाऊन पंतांनी भरमाचं सर्व्हिस बुक काढलं आणि तांबड्या शाईची दौत माझ्यापुढे सरकवली. माझीच ओळ होती. मी ती एकदा डावीकडून उजवीकडे खोडली. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा खोडली.

"एकदा पुरे," पंत म्हणाले. "लिही."

मी लिहिलं : 'विलंब नाही. मागील सेवा अखंड. वेतन रुपये अठरा, हजर झाल्या दिवसापासून.' साहेबांनी सही केली. अक्षर खराब आलं, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. पण मी आजवर लिहिलेल्यांत तीच ओळ मला सगळ्यांत चांगली वाटते.

भरमा टेबलापुढे तसाच हात मागे बांधून उभा होता. पाच-सहा दिवसांची सवय झाली असावी. पंतांनी मष्णूच्या खांद्यावरची साखळी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"आता लावा हात," ते म्हणाले. "सोमवारी तुमच्याकडे दोन मोजण्या आहेत."

भरमानं साखळी घेतली. ती छातीशी धरली, आणि एवढा मोठा माणूस आमच्या सगळ्यांपुढे हुंदके देऊन रडला. बाहेर बाजारात हलगी वाजतच होती. कशासाठी वाजते आहे, हे निम्म्या लोकांना एव्हाना ठाऊकही नसेल. त्याचं रडणं पुरं होईपर्यंत पंत थांबले. घाई केली नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात पुढच्या वर्षी शीव कधी बांधणार?"

भरमानं डोळे पुसले. "गावडा कौल घेईल तवाच कळंल, पंत. आधी कुणालाच ठावं नसतं."

कोरी जागा ठेवलेला कागद तीस वर्षांत पंतांनी टेबलावरून पुढे सरकू दिला नव्हता. अशा कागदाला ते चोराची वाट म्हणायचे.

"जोतिबा," ते म्हणाले, "यांच्या नावानं तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिही. तारीख कोरी ठेव."

मी लिहिला. पंतांनी त्यावर मंजुरीची सही केली, अर्ज नियमांच्या पुस्तकात ठेवला आणि लाल कापडाची गाठ बांधली.